पुढच्या वर्षीचा संघ

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात एक जुना उद्योग सुरू होतो. शहराच्या बेसबॉल संघाचा, म्हणजे पायरेट्सचा, हंगाम कागदोपत्री सप्टेंबरअखेरपर्यंत चालू असतो. पण क्रमवारीतले स्थान पाहून जे कळायचे ते कळून चुकलेले असते. मग गप्पा आजच्या सामन्याच्या राहत नाहीत. पुढच्या वर्षी फलंदाजीला पहिला कोण यावा, शॉर्टस्टॉपच्या जागी खालच्या लीगमधला कोणता पोरगा वर आणावा, तिशी ओलांडलेल्या कोणाला दुसऱ्या संघाच्या गळ्यात मारावे, या गोष्टींवर मद्यगृहात, कारखान्याच्या फाटकाशी आणि रेडिओवरच्या दूरध्वनी कार्यक्रमांत तासन् तास खल होतो. रेडिओचा उल्लेख ओघाने आला तो बरेच झाले. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल सामन्याचे पहिले नभोवाणी समालोचन याच शहरातील केडीकेए केंद्रावरून ५ ऑगस्ट १९२१ रोजी झाले होते. त्या दिवशी पायरेट्स जिंकले होते.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाला या चर्चेची गोडी कळायची तर फलंदाजीच्या क्रमाचे महत्त्व आधी ध्यानात घ्यावे लागेल. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपतो. बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांचा क्रम सामन्यापूर्वी लिहून द्यावा लागतो आणि तो रहाटगाडग्यासारखा फिरत राहतो. नववा झाला की पुन्हा पहिला. एका सामन्यात प्रत्येकाची पाळी चार-पाच वेळा येते. त्यामुळे कोण किती चांगला याइतकेच कोण कोणाच्या आधी, हेही महत्त्वाचे ठरते. पहिल्या दोघांनी काहीही करून बेसवर पोहोचावे आणि तिसऱ्या-चौथ्याने लांब फटका मारून त्यांना घरी आणावे, हा त्यामागचा ढोबळ विचार. चौथ्या क्रमांकाला ताकदवान माणूस नसेल तर पहिल्या दोघांची मेहनत बेसवरच उभी राहून वाया जाते. हंगामात सामने १६२. म्हणजे क्रमातील एक कच्चा दुवा सहा महिने रोज संध्याकाळी डोळ्यांत खुपत राहतो.

पिट्सबर्गच्या चाहत्यांचे वेगळेपण असे की त्यांच्या कागदावरचा क्रम सहसा चालू वर्षाचा नसतोच. तो दोन-तीन वर्षांनंतरचा असतो. ही सवय त्यांना कशी लागली, याला एक तारीख आहे.

१४ ऑक्टोबर १९९२. सलग तिसऱ्या वर्षी आपला विभाग जिंकून पायरेट्स नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत पोहोचले होते. सातवा आणि निर्णायक सामना अटलांटात होता. अखेरच्या, नवव्या डावाला अटलांटाची फलंदाजी सुरू झाली तेव्हा पिट्सबर्गकडे २-० अशी आघाडी होती. ती २-१ झाली. दोन गडी बाद झाले. तिन्ही बेस भरलेले असताना फ्रान्सिस्को कॅब्रेरा या राखीव फलंदाजाने डावीकडे चेंडू टोलवला. एक धावपटू सहज घरी आला आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या बेसवरून सिड ब्रीम निघाला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी मंदावलेला, आणि एकेकाळी पायरेट्सचाच खेळाडू राहिलेला ब्रीम! बॅरी बॉण्ड्सने डाव्या क्षेत्रातून केलेली फेक किंचित उशिरा पोहोचली. सामना ३-२ असा हातचा गेला. काही आठवड्यांतच बॉण्ड्स ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि प्रमुख पिचर डग ड्रेबेकने ह्यूस्टनचा रस्ता धरला. पुढच्या वर्षी पायरेट्सने जिंकले त्याहून अधिक सामने गमावले. त्याच्या पुढच्या वर्षीही. असे करता करता १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे गेली. उत्तर अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक खेळांत इतकी लांब अपयशमालिका दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर नाही. १९६० आणि १९७१ ची जगज्जेतेपदे ज्यांनी पाहिली ते या काळात म्हातारे झाले. १९९२ नंतर जन्मलेली मुले, विजयी हंगाम कसा असतो हे न पाहता, मतदानाच्या वयाची झाली.

याचे कारण विचारले तर चाहता प्रथम पैशाकडे बोट दाखवतो. त्यात तथ्य आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर सक्त मर्यादा नाही. ठराविक आकड्यापुढे खर्च केल्यास कर भरावा लागतो, एवढेच. श्रीमंत संघ तो भरतात आणि पुढे जातात. २०२५ च्या हंगामात लॉस एंजलिस डॉजर्सचा वेतनखर्च ३० कोटी डॉलरच्या वर होता, तर पायरेट्सचा १० कोटींच्या आत. बळी तो कान पिळी, हा न्याय इथे नियमावलीतच लिहिलेला आहे. याच शहराचे फुटबॉल आणि आइस हॉकीचे संघ, स्टीलर्स आणि पेंग्विन्स, काळ्या-सोनेरी रंगाचाच पोशाख घालतात. त्या खेळांत वेतनाला कडक मर्यादा आहे. २००९ या एकाच वर्षी ते दोघेही अजिंक्य ठरले. त्याच वर्षी पायरेट्सने सलग सतराव्या पराभूत हंगामाचा विक्रम केला.

तरीही पैशाची सबब पूर्ण पुरत नाही. टॅम्पा बेसारखा तितकाच काटकसरी संघ २००८ आणि २०२० मध्ये जागतिक मालिकेपर्यंत पोहोचला. गरीब संघाजवळ एक मार्ग असतो, पण तो अरुंद असतो. नव्या खेळाडूला पदार्पणानंतर साधारण सहा हंगामांची सेवा पूर्ण होईपर्यंत त्याच्या संघाला सोडून जाता येत नाही. त्यातील पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे लवादाच्या मार्गाने वेतन वाढत जाते. सहा वर्षे झाली की खेळाडू मोकळा आणि जो जास्त देईल त्याचा. याचा अर्थ सरळ आहे. छोट्या शहराच्या संघाला उत्तम खेळाडू परवडतो तो फक्त त्याच्या तरुणपणी. म्हणून त्याने एकतर चांगले पोरगे शोधून काढावे, नाहीतर मोकळे होऊ घातलेले खेळाडू वेळीच देऊन त्यांच्या बदल्यात दुसऱ्यांची पोरे आणावीत. आणि चार-पाच जण एकाच सुमारास पिकावेत अशी प्रार्थना करावी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बियाणे चांगले असून भागत नाही, पेरणीची वेळही साधावी लागते.

पायरेट्सनी बियाणेही बिघडवले आणि वेळही चुकवली. जुलै २००३ मध्ये खर्च कमी करण्याच्या घाईत त्यांनी २५ वर्षांचा तिसऱ्या बेसवरचा फलंदाज अरामिस रामिरेझ शिकागो कब्जला दिला. बदल्यात जे तिघे आले त्यांतला एकही पुढे नाव काढण्याजोगा निघाला नाही. कोहळा देऊन आवळा घेतला, असेच म्हणावे लागेल. रामिरेझ पुढे दशकभर होमरन मारत राहिला आणि गंमत म्हणजे २०१५ मध्ये कारकिर्दीच्या अखेरच्या महिन्यांसाठी पुन्हा पिट्सबर्गलाच आला. २००७ च्या जूनमध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत, ज्याला ड्राफ्ट म्हणतात, पायरेट्सची चौथी पाळी होती. मॅट वीटर्स हा नावाजलेला यष्टीरक्षक, म्हणजे कॅचर, उपलब्ध असताना त्यांनी डॅनियल मॉस्कोस या पिचरला निवडले. वीटर्स पाचव्या पाळीत बाल्टिमोरला गेला आणि चार वेळा ऑल-स्टार संघात खेळला. मॉस्कोस मेजर लीगमध्ये फक्त एका हंगामात दिसला.

त्या महिन्याच्या ३० तारखेला चाहत्यांचा संयम सुटला. तिसरा डाव संपताच आपापल्या खुर्च्या सोडून मालकांचा निषेध करावा, असे आवाहन करण्यात आले होते आणि शेकडो लोक उठलेही. त्यांना पराभवाचा राग नव्हता. पराभवाची सवय तोवर जुनी झाली होती. संघाला पुढच्या वर्षीचा विचार आहे, हे त्यांना कोणत्याच कृतीतून दिसत नव्हते, राग त्याचा होता. महिन्याभरात संघाने मॅट मॉरिस हा उतरणीला लागलेला महागडा पिचर आणून हा संशय पक्का केला. २००८ च्या एप्रिलमध्येच त्याला मुक्त करावे लागले.

सप्टेंबर २००७ मध्ये महाव्यवस्थापक बदलले. नील हंटिंग्टन आले आणि त्यांनी अरुंद मार्ग धरला. मग सुरू झाला तो चाहत्यांना सर्वांत जड गेलेला काळ. जेसन बे २००८ मध्ये बॉस्टनला गेला. ३ जून २००९ रोजी नेट मॅक्लाउथ अटलांटाला दिला गेला. आदल्या वर्षीचा ऑल-स्टार, नुकताच तीन वर्षांचा करार केलेला, लोकांच्या पसंतीचा खेळाडू. ज्याच्या नावाचा सदरा मुलाला नुकताच घेऊन दिला तो खेळाडू सकाळी गावातून गेलेला असतो, ही तक्रार त्या उन्हाळ्यात कोणाही चाहत्याच्या तोंडी शोभली असती. जुलै संपेपर्यंत मॅक्लाउथखेरीज नायजर मॉर्गन, अॅडम लारोश, जॅक विल्सन आणि २००६ चा फलंदाजीतील अव्वल फ्रेडी सँचेझ, असे नेहमीच्या क्रमातील पाच जण निघून गेले होते. एप्रिलमध्ये कागदावर लिहिलेला क्रम ऑगस्टमध्ये ओळखू येईना.

मात्र मॅक्लाउथ गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी २२ वर्षांचा एक मुलगा उतरला. त्याचे नाव अँड्रू मॅककचन. मॅक्लाउथच्या बदल्यात आलेल्या तिघांत चार्ली मॉर्टन आणि जेफ लॉक हे पिचर होते. या नावांचे महत्त्व कळायला चार वर्षे जावी लागली. चाहत्यांची चर्चा आणि व्यवस्थापनाचा हिशेब यांत नेमके हेच अंतर असते. चाहता गेलेल्याचा हिशेब त्याच दिवशी करतो आणि आलेल्याचा करायला त्याच्याजवळ काही साधनच नसते. बरे, प्रत्येक वेळी व्यवस्थापनाचे बरोबर निघते असेही नाही. ऑगस्ट २००८ मध्ये होसे बाउटिस्टा नावाचा बेताचा फलंदाज टोरांटोला जवळजवळ फुकटात दिला गेला. फारसे कोणी हळहळले नाही. २०१० मध्ये त्याने ५४ होमरन मारले.

गरीब संघ जिथे कोणी पाहत नाही तिथेही शोधतो. नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सनी उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले ते याच गरजेपोटी. वेगवान आणि अचूक चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले होते. त्यापूर्वी दोघांनीही बेसबॉल खेळलेला नव्हता. भारतात या बातमीचे कौतुक झाले, २०१४ मध्ये त्यावर हॉलिवूडचा चित्रपटही आला. पिट्सबर्गमधील चाहत्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न साधा होता. संघाचा हा नवा विचार आहे की नुसती जाहिरात? दोघांनी खालच्या पायरीवर काही काळ काढला. दिनेश २०१० च्या अखेरीस बाहेर पडला, तर रिंकू दुखापती सोसत आणखी काही वर्षे टिकला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

ही पायरी काय प्रकरण आहे, तेही सांगायला हवे, कारण चाहत्यांची निम्मी चर्चा तिच्याभोवती फिरते. मेजर लीगमधील प्रत्येक संघाच्या हाताखाली लहान शहरांतून खेळणारे संघ असतात. पायरेट्सचा नवा पोरगा फ्लोरिडातील ब्रॅडेंटनहून निघतो, ग्रीन्सबरो आणि अल्टूना करत इंडियानापोलिसला पोहोचतो आणि तिथून पिट्सबर्ग. अल्टूना पिट्सबर्गपासून मोटारीने दोनेक तासांवर आहे. त्यामुळे अपयशाच्या वर्षांत अनेक चाहते घरच्या मैदानाऐवजी तिकडे जाणे पसंत करतात. पीएनसी पार्क हे २००१ साली उघडलेले नदीकाठचे मैदान अमेरिकेतील सर्वांत देखण्या मैदानांपैकी एक समजले जाते, तेव्हा हे विशेषच म्हणायचे. पण अल्टूनाला पुढच्या वर्षीचा संघ आज पाहायला मिळतो.

आणि मग एकदाचे पीक आले. २०१३ च्या फलंदाजीच्या क्रमात मॅककचन होता, डॉमिनिकन प्रजासत्ताकात हेरलेला स्टार्लिंग मार्टे होता, पिट्सबर्गचाच मुलगा नील वॉकर होता, २००८ च्या निवडीतला पेड्रो अल्वारेझ होता. पिचरांत २०११ चा पहिला निवडलेला गेरिट कोल होता आणि मॅक्लाउथच्या बदल्यात आलेले मॉर्टन व लॉकही होते. लॉक त्या वर्षी ऑल-स्टार झाला. संघाने ९४ सामने जिंकले. १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीविरुद्धच्या एकमेव बाद सामन्यासाठी पीएनसी पार्कमध्ये ४० हजारांहून अधिक लोक काळे कपडे घालून आले. प्रतिस्पर्धी पिचर जॉनी क्वेटोच्या नावाचा त्यांनी असा काही गजर चालवला की त्याच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. २१ वर्षांची वाट पाहणे त्या एका मिनिटात मोकळे झाले. सामना ६-२ असा जिंकला. पुढे सेंट लुईसने पाच सामन्यांच्या मालिकेत हरवले, पण त्याचे कोणी फार मनावर घेतले नाही. पुढच्या वर्षी होईल, असे प्रथमच खात्रीने म्हणता येत होते.

झाले नाही. २०१४ मध्ये घरच्याच मैदानावर सॅन फ्रान्सिस्कोने ८-० असा धुव्वा उडवला. २०१५ मध्ये ९८ विजय मिळवूनही पायरेट्सना पुन्हा तोच एकमेव बाद सामना खेळावा लागला आणि शिकागोने तो ४-० असा जिंकला. त्यानंतर सहा वर्षांचे घड्याळ वाजू लागले. जानेवारी २०१८ मध्ये तीन दिवसांच्या आत कोल ह्यूस्टनला आणि मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला दिले गेले. त्याच जुलैमध्ये संघाने उलटी उडी मारली. टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ ही तीन तरुण पोरे टॅम्पा बेला देऊन क्रिस आर्चर हा तयार पिचर आणला. आर्चर पिट्सबर्गमध्ये कधी सावरलाच नाही. ग्लासनाऊ २०२० च्या जागतिक मालिकेत टॅम्पाकडून खेळला. या व्यवहाराचे नाव काढले की पिट्सबर्गच्या चाहत्यांत आजही दोन मते नसतात, आणि तिथे ही गोष्ट दुर्मीळ आहे. २०१९ अखेर हंटिंग्टन गेले, बेन चेरिंग्टन आले आणि पाटी पुन्हा कोरी झाली.

या दुसऱ्या फेरीत नशिबाने एक मोठा हात दिला. निवडीच्या क्रमासाठी सोडत काढण्याची पद्धत नव्याने सुरू झाली तेव्हा पहिलीच सोडत पायरेट्सना लागली आणि २०२३ मध्ये त्यांनी पॉल स्कीन्सला घेतले. ११ मे २०२४ रोजी तो मेजर लीगमध्ये आला, त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने एकमताने मिळवला. त्या हंगामात दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी दोनहून कमी, १.९७ होती. तरीही त्याच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव लागले. कारण उघड आहे. पिचर धावा रोखतो, काढाव्या दुसऱ्यांना लागतात, आणि होमरनच्या संख्येत २०२५ चे पायरेट्स ३० संघांत शेवटचे होते. संघ ७१-९१ वर थांबला. हंगामाच्या प्रारंभीच घरच्या प्रेक्षकांनी संघ विकून टाका अशा घोषणा मालकांना ऐकवल्या होत्या. मे महिन्यात व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांना जावे लागले. जुलैअखेर डेव्हिड बेडनार आणि के'ब्रायन हेज यांनाही दुसऱ्या संघांकडे पाठवण्यात आले. बेडनार तर पिट्सबर्गच्या परिसरातलाच. २०२३ मध्ये परतलेला मॅककचन ३८ वर्षांचा झाला होता आणि त्या जूनमध्ये पायरेट्सकडून मारलेल्या होमरनच्या संख्येत त्याने रॉबर्टो क्लेमेंटेला मागे टाकले. मैदानाच्या उजवीकडची भिंत ज्याच्या पाठीवरच्या आकड्याची आठवण म्हणून २१ फूट उंच बांधली आहे, तो हा क्लेमेंटे. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पण पुनर्बांधणीच्या सहाव्या हंगामातही क्रमातला भरवशाचा फलंदाज ३८ वर्षांचा असावा, हे कोणाच्या नजरेतून सुटले नाही.

त्यामुळे २०२५ संपताना चाहत्यांच्या कागदावर खेळाडूच्या नावापुढे फलंदाजीचा क्रमांक नव्हे, तर वर्ष लिहिलेले दिसू लागले. स्कीन्सपुढे २०२९. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरल्याने नियमाप्रमाणे त्याचे ते अपुरे वर्ष पूर्ण धरले गेले आणि घड्याळ एक वर्ष पुढे सरकले. म्हणजे २०२९ नंतर तो मोकळा. दुसरे नाव कॉनर ग्रिफिन. २०२४ च्या निवडीत नवव्या पाळीत घेतलेला, जन्म २००६ चा, शॉर्टस्टॉपला खेळणारा हा मुलगा २०२५ च्या एकाच हंगामात ब्रॅडेंटन आणि ग्रीन्सबरो ओलांडून अल्टूनापर्यंत आला. त्याला लवकर वर आणले तर त्याचेही सहा वर्षांचे घड्याळ लवकर सुरू होणार. थांबवून ठेवले तर स्कीन्सची चार वर्षे झिजणार. या दोघांना एकत्र किती हंगाम मिळतील, आणि तेवढ्यात चौथ्या क्रमांकाला कोण, ही वजाबाकी घेऊन पिट्सबर्गचे लोक हिवाळ्यात शिरले.